विटाळ आणि मळ





वर्षावास सुरू आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खुसंघ एका ठिकाणी मुक्काम करतो आणि आपण उपासक-उपासिका सायंकाळी विहारात जमून धम्मश्रवण करतो. याच दिवसांत घोड नदीला गढूळ पाणी येते, शेतातले आणि गल्लीतले ओघळ विहिरीत उतरतात आणि लहान मुलांना जुलाब लागतात. मी शाळामास्तर आहे. पावसाळ्यात हजेरीपट उघडला की गैरहजर मुलांची घरे डोळ्यांपुढे येतात. ज्या घराच्या उंबऱ्याशी सांडपाणी तुंबलेले आहे आणि ज्या घरात पाण्याचा हंडा उघडा असतो, त्या घरचे मूल त्या यादीत बहुधा असतेच. म्हणून आजच्या प्रवचनाला मी पाणी आणि स्वच्छता हा विषय घेतला आहे.

कोणी म्हणेल, “गुरुजी, नळ, गटार आणि संडास हे ग्रामपंचायतीचे विषय. विहारात त्रिशरण-पंचशील सांगा, मैत्री-करुणा सांगा.” या शंकेचे उत्तर परमपूज्य बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. त्यांच्या सांगण्याचा आशय असा, की धर्म माणसाचे ईश्वराशी नाते जोडू पाहतो, तर धम्म माणसाने माणसाशी कसे वागावे हे सांगतो. मग एका गावातली माणसे एकाच पाण्यावर जगत असताना एकमेकांशी कशी वागतात, याहून धम्माचा विषय दुसरा कोणता? तथागतांनी दुःख आहे असे सांगितले, तसेच दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हेही सांगितले. मुलाला जुलाब लागले तर तो मागच्या जन्मीचा भोग नव्हे आणि देवीचा कोपही नव्हे. त्याचे कारण हंड्यात आहे, हाताला आहे, विहिरीच्या काठाला आहे. ते शोधून काढणे हेच धम्माचे आचरण.

आपल्या पायाखालची माती

इनामगावची आपण माणसे. आपल्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी या विद्वानांनी ते काम पाहिले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षे येथे शेतकऱ्यांची वस्ती होती, असे त्यातून सिद्ध झाले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष निघाले. आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट निघाली ती अशी, की त्या लोकांनी नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी दगडमातीचा बांध घातला होता आणि त्याला लागून सुमारे २०० मीटर लांबीचा, ४ मीटर रुंदीचा आणि साडेतीन मीटर खोलीचा पाट खोदला होता.

विचार करा. त्यांच्याजवळ लोखंडी पहार नव्हती म्हटले तरी चालेल. यंत्राचा तर प्रश्नच नाही. असा पाट एका घराने खणला जात नाही. कोणी खणले असेल, कोणी पाट्या वाहिल्या असतील, कोणी त्या खणणाऱ्यांसाठी भाकरी भाजल्या असतील. गाव एकत्र आल्याशिवाय पाणी येत नाही, हा धडा आपल्या मातीने तीन हजार वर्षांपूर्वी गिरविला आहे. पुढे कधीतरी या देशात माणसाला जन्मावरून पाणवठ्यापासून दूर उभे करण्याची रीत आली. ती रीत म्हणजे काही सृष्टीचा नियम नव्हे. माणसांनी घातलेली रीत माणसांना मोडता येते.

पाण्यापासून सुरू झालेला मार्ग

आपल्या धम्माची कथाच पाण्यापासून सुरू होते. शाक्य आणि कोलीय या दोन गणांच्या मध्ये रोहिणी नदी वाहत होती. दोन्हीकडची शेते त्याच नदीवर भिजत. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून तंटा झाला, डोकी फुटली आणि शाक्यसंघाने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ गौतमाने त्याला विरोध केला. वैराने वैर शमत नाही, दोन्हीकडच्या माणसांनी बसून न्यायाने निवाडा करावा, असे त्याचे म्हणणे होते. बहुमत विरुद्ध गेले आणि वयाच्या २९व्या वर्षी त्याने कपिलवस्तू सोडली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण म्हणून हाच प्रसंग पुढे ठेवला आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घाबरून पळाला ही कथा त्यांना पटली नाही. पाण्यावरून माणसे माणसांचा गळा कापायला निघाली हे पाहून तो निघाला, हे त्यांना पटले. ज्यांच्या वाडवडिलांनी एका घागरीसाठी पाणवठ्यावर दिवस दिवस ताटकळत काढले, त्यांना ते पटणारच!

पुढे भिक्खू आनंद एकदा तहानेने व्याकूळ होऊन विहिरीवर पाणी भरणाऱ्या मातंग मुलीजवळ गेले आणि पाणी मागितले. ती बिचकली. आपली जात सांगून मागे सरली. आनंद म्हणाले, मी तुझी जात विचारली नाही, पाणी मागितले आहे. पुढे ती मुलगी, प्रकृती तिचे नाव, भिक्खुणी संघात आली. विहिरीच्या काठावर जातीचा प्रश्न निरर्थक ठरविणारा हा प्रसंग बौद्ध वाङ्मयात शतकानुशतके जपला गेला आहे.

आणि दूर कशाला जावे? जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. त्यांच्या पायथ्याने कुकडी वाहते आणि ती कुकडी पुढे आपल्या घोडीला मिळते. त्या लेण्यांत पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्या काळच्या भाषेत त्यांना ‘पोढी’ म्हणत. ज्यांनी ती खोदविली त्यांची नावे कातळावर कोरून ठेवली आहेत. जुन्नरला दोन पोढी दान देणाऱ्याचे नाव इरिल आहे आणि तो यवन होता, म्हणजे परदेशी वंशाचा. आपल्याच जिल्ह्यातील भाजे लेण्यात पोढी देणारा महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त होता. एक परका आणि एक या मुलखातला सरदार, पण दोघांचेही पाणी संघाने सारखेच स्वीकारले. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी वाटेवर विहिरी खोदविल्याचे नमूद केले आहे. विहीर खोदणे, पाणपोई घालणे, झाडे लावणे, पूल बांधणे यांचे पुण्य रात्रंदिवस वाढत राहते, अशी तथागतांची शिकवण आहे. होमहवनात जाळलेल्या तुपाने कोणाची तहान भागली आहे काय?

महाडचा धडा

आता महाडकडे येऊ. १९२७ हे साल आपल्या शिरूर तालुक्यालाही ओळखीचे आहे. त्या वर्षी १ जानेवारीला बाबासाहेब भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यास आले होते. त्यानंतर तीन महिने पुरे होण्याच्या आत, २० मार्चला, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच संमत झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचे जाहीरही केले होते. पण कागदावरचा ठराव घशाखाली उतरत नाही. तो उतरविण्यासाठी हजारो माणसांना चालत जावे लागले आणि परतताना सनातन्यांच्या लाठ्या खाव्या लागल्या.

त्यानंतर जे घडले ते नीट ध्यानात घ्या, कारण आजच्या प्रवचनाचा गाभा तोच आहे. आपल्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्याची शुद्धी केली. तळ्याच्या पाण्याने भरलेल्या १०८ घागरींत दही, दूध, शेण आणि गोमूत्र कालवले आणि मंत्रघोष करीत त्या घागरी तळ्यात बुडविल्या. म्हणजे स्वच्छ ओंजळीने पाणी प्यायले तर ते अपवित्र आणि त्यात शेण कालविले तर ते पवित्र!

त्याच्या ४३ वर्षे आधी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू शोधून काढला होता. त्या तळ्यावर लोक आंघोळ करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. रोग कोणत्या वाटेने पोटात जातो हे त्या शोधाने दाखवून दिले होते. पटकीचा जंतू पाणी भरणाऱ्याची जात विचारीत नाही. त्याला पंचगव्याने पळविता येत नाही. उलट शेणाबरोबर नवे जंतू मात्र पाण्यात जातात.

बंधू-भगिनींनो, येथे दोन गोष्टी वेगळ्या करून ओळखा. एक आहे विटाळ, दुसरा आहे मळ. विटाळ कोणाच्याही अंगावर नसतो. तो मानणाऱ्याच्या मनात असतो. त्याला वास नाही, रंग नाही, वजन नाही. भिंगाखाली धरला तर दिसत नाही. मळ मात्र खरा असतो. तो ब्राह्मणाच्या हाताला असतो आणि आपल्याही हाताला असतो. विटाळ धुण्याचा उपाय एकच, प्रज्ञा. मळ धुण्याचा उपाय पाणी, साबण आणि श्रम. या देशाने हजारो वर्षे विटाळ धूत बसण्यात घालविली आणि मळ तसाच साचू दिला. नद्यांची पूजा केली आणि त्यांच्याच काठावर शौचाला बसले.

महाडने आपल्याला विटाळातून मुक्त केले. सनातनी मंडळी कोर्टात गेली आणि तो खटला दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. पुढे बाबासाहेबांच्या हातून घडलेल्या संविधानाच्या १५व्या कलमाने सार्वजनिक विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट सर्वांना खुले केले आणि १७व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली. तरीही १९७० च्या दशकात बाबा आढाव यांना ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ घेऊन महाराष्ट्रातली गावे फिरावी लागली. रूढीची मुळे किती खोल असतात, हे यावरून समजावे.

पण हक्क मिळाला की काम संपले काय? तळ्यावर जाण्याचा हक्क मिळाला, पण त्या तळ्यात घाण असेल तर आपण हक्काने रोगच घरी आणणार. महाडचा अर्धा लढा वडिलांनी जिंकला. मळाविरुद्धचा उरलेला अर्धा आपण लढायचा आहे.

तथागतांच्या हातातली घागर

या उरलेल्या लढ्याला विनयपिटकात भक्कम आधार आहे. एकदा एका भिक्खूला हगवण लागली. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणीही त्याच्याजवळ जात नव्हते. भगवान बुद्ध आनंदांना घेऊन फिरत असता तेथे आले. त्यांनी आनंदांना पाणी आणावयास सांगितले. मग स्वतः भगवंतांनी पाणी ओतले आणि आनंदांनी त्या भिक्खूला धुतले. एकाने डोके धरले, दुसऱ्याने पाय धरले आणि त्याला उचलून मंचकावर निजविले. नंतर त्यांनी संघाला बोलावून समज दिली. तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हा त्या उपदेशाचा आशय होता. जगातल्या कोणत्या देवाने आजाऱ्याची विष्ठा धुण्यासाठी घागर उचलली आहे?

चुल्लवग्गात शौचकूपाचेही नियम आहेत. ते वाचून मी तर थक्क झालो. त्या काळी भिक्खू ज्येष्ठतेच्या क्रमाने शौचाला जात. नवे भिक्खू वाट पाहून पाहून मूर्च्छित पडू लागले. तेव्हा भगवंतांनी नियम केला, की शौचाला जो आधी येईल तो आधी जाईल. तेथे थोरला-धाकटा नाही. आणखी नियम असे, की घाण दिसली तर दिसेल त्याने साफ करावी, धुण्याचे पाणी संपले असेल तर ज्याने पाहिले त्याने भरून ठेवावे. तेथे साफसफाईसाठी वेगळी जात नाही. एक ब्राह्मण कुळातून आलेला भिक्खू शौचानंतर पाणी घेत नसे. ती घाण कोण हाताळील, असे तो म्हणे. भगवंतांनी त्याला फटकारले आणि पाणी असताना न धुणे हा दोष ठरविला. पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये असाही नियम आहे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळण्याचे फडके आहे. संघाच्या लेखी स्वच्छता हा शीलाचाच भाग होता.

राजगृहाजवळ रस्ते झाडून पोट भरणारा सुनीत तथागतांना पाहून भिंतीला अंग चोरून उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याला जवळ बोलावले आणि प्रव्रज्या दिली. त्याच्या झाडूचा विटाळ त्यांनी मानला नाही. आणि संघात आल्यावर झाडण्याचे काम त्याच्या एकट्याच्या गळ्यात बांधून ठेवले नाही. संघात सगळेच झाडीत.

आपल्या घरातला प्रश्न

आता थोडे कडू बोलतो, गैरसमज करून घेऊ नका.

महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्याला मेलेली जनावरे ओढणे सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा असे बजावले. आपल्या वाडवडिलांनी ते मानले, त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला, पण मान खाली घातली नाही. लादलेले हलके काम सोडणे ही आपली मुक्ती होती. परंतु काही घरांत त्यातून एक उलटा समज निर्माण झाला आहे. साफसफाई म्हणजे जुन्या गुलामीची खूण. आता आपण बौद्ध झालो, शिकलो, नोकरीला लागलो, मग आपण गटाराला हात का लावावा? आणि सेप्टिक टँक भरला की “त्या समाजातल्या माणसाला बोलवा” असे आपल्याच घरात सहज म्हटले जाते.

बंधूंनो, हे वाक्य तोंडातून निघते त्या क्षणी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मनुस्मृती परत येते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जिचे दहन केले, तिला आपण मागच्या दाराने आत घेतो. सर्व माणसे समान आहेत अशी प्रतिज्ञा आपण घेतली. तीत ‘गटार साफ करणारा सोडून’ असे कुठे म्हटले आहे? सेप्टिक टँकमधील विषारी वायूने माणसे गुदमरून मरतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. हाताने मैला उचलायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. तसेच संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरविणे हाही गुन्हा आहे. कायद्याने गुन्हा आणि शीलाच्या दृष्टीने प्राणिहिंसा!

दुसऱ्याने आपल्या जन्मावरून आपल्यावर लादलेला झाडू नाकारा, हजार वेळा नाकारा. पण स्वतःच्या अंगणासाठी, सर्वांच्या विहिरीसाठी, आपल्या मर्जीने आणि आपल्या पाळीने हातात घेतलेला झाडू हा गुलामीची खूण नव्हे. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तेव्हा ते लहान झाले नाहीत. त्यांनी आधी गाव झाडला आणि मग रात्री गावाला उपदेश केला. हाती झाडू आहे एवढ्यावरून कोणी गुलाम ठरत नाही. तो कोणी कोणाला जबरीने दिला, हे पाहिले पाहिजे.

काय करावे?

धम्म नुसता ऐकण्यासाठी नसतो. म्हणून चार कामे सांगतो. सर्व आपल्या आवाक्यातली आहेत.

पहिले काम घरातल्या पाण्याचे. पाणी चारपदरी फडक्याने गाळा. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या घड्या करून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. भिक्खूच्या परिष्कारातल्या फडक्याचे मोल शास्त्रानेही मान्य केले, असे म्हणावयास हरकत नाही. पण गाळल्याने सारे जंतू जात नाहीत. म्हणून पाणी खळखळून उकळा, किंवा ते टीसीएल पावडरीने शुद्ध झालेले आहे याची खात्री करा. १००० लीटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल पुरते. ते टाकल्यावर अर्धा तास थांबावे. गावात हे काम जलसुरक्षकाकडे असते. ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे झाले की त्यात क्लोरीन आहे असे समजावे. ही चाचणी आपल्या वस्तीतल्या शेवटच्या नळाच्या पाण्याची करावयास लावा, टाकीजवळच्या नळाची नव्हे. माठाला झाकण ठेवा आणि पाणी ओगराळ्याने काढा. तांब्याबरोबर हात आत जातो आणि हाताबरोबर मळ. मुलाला जुलाब लागलेच तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहा आणि दवाखान्यात न्या. गंडेदोरे बांधू नका, आपण ते १९५६ साली नागपूरला सोडून आलो आहोत.

दुसरे काम संडासाचे. सरकारी अनुदानातून पुष्कळ ठिकाणी संडास बांधले गेले. पण त्यांत सरपण भरून ठेवायचे आणि पहाटे आयाबहिणींनी अंधारात उसाच्या कडेला जायचे, ही गोष्ट आपल्याला शोभत नाही. बांधायचाच असेल तर दोन खड्ड्यांचा शोषसंडास बांधा. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा आणि पहिला बंद ठेवायचा. वर्ष-दीड वर्षात त्यातील मैल्याचे वास नसलेले खत होते. ते घरच्या माणसाला फावड्याने काढता येते. खड्डे विहिरीपासून आणि बोअरपासून निदान ३३ फूट दूर असावेत. जेथे पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते तेथे जाणत्या अभियंत्याला विचारून जागा ठरवावी. या साध्या रचनेत माझ्या मते धम्म आहे. तिच्यामुळे कोणाही माणसाला दुसऱ्याची ओली विष्ठा उचलावी लागत नाही, कोणालाही टाकीत उतरावे लागत नाही. जो संडास एखाद्या माणसाला भंगी बनवितो तो कितीही चकचकीत असला तरी धम्माला धरून नाही.

तिसरे काम सांडपाण्याचे. मोरीचे पाणी गल्लीत सोडू नका. घरामागे दगड-विटांचे तुकडे भरून शोषखड्डा करा, किंवा ते पाणी केळीला, परसातल्या भाजीला वळवा. हातपंपाभोवती आणि नळाजवळ डबके राहू देऊ नका. रविवारी विहाराची सफाई होते, तिच्याबरोबर पाणवठ्याचीही पाळी लावा. त्या पाळीत पुरुषांची नावे आधी लिहा. हंडा बायकांनी वाहायचा, झाडलोट बायकांनी करायची आणि विहारात पुढे पुरुषांनी बसायचे, ही समता नव्हे.

चौथे काम ग्रामसभेचे. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लीटर पाणी हे प्रमाण ठरविले. पाच माणसांच्या घराला ते २७५ लीटर होते, म्हणजे पंधरा लीटरचे अठरा हंडे. आपल्या वस्तीत प्रत्येक घराला किती हंडे मिळतात ते आठ दिवस वहीत लिहून काढा. शाळेतली पोरे हे काम आनंदाने करतील आणि त्यांचे गणितही सुधारेल. वरच्या आळीला दोन तास पाणी आणि टोकाच्या बौद्ध वस्तीला वीस मिनिटे असे असेल, तर ती वही घेऊन २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभे राहा. शिवीगाळ नको, गयावयाही नको. आकडे वाचा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या म्हणावे. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तेथे आपल्या वस्तीतली बोलकी बाई गेली पाहिजे, नुसती सहीपुरती नव्हे. मात्र एक गोष्ट विसरू नका. आपण पाणी मागू ते सर्वांसाठी. बौद्ध वस्तीच्या पलीकडे एखादे पारध्याचे पाल असेल, ऊसतोडणीला आलेल्यांच्या कोप्या असतील, तर त्यांचेही हंडे आपल्या वहीत लिहा. आपल्याला जे सोसावे लागले ते आपल्या देखत दुसऱ्याला सोसावे लागत असेल आणि आपण गप्प असू, तर रोहिणीचे पाणी आपल्याला कळलेच नाही.

धम्मबंधूंनो, आपण दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव काढले. कोनाडा रिकामा केला आणि तेथे तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. शेजारीपाजारी पाहत असतात की या लोकांनी देव काढले, पण त्यांच्या जगण्यात काय बदलले? त्यांना ग्रंथ वाचून दाखवावा लागू नये. आपल्या दाराशी डबके नसावे, आपल्या माठाला झाकण असावे, आपल्या मुलीला अंधारात बाहेर जावे लागू नये, आपल्या घरी आलेल्या कोणालाही, तो कोणत्याही जातीचा असो, त्याच ओगराळ्याने काढलेले स्वच्छ पाणी मिळावे. धम्म काय आहे ते त्या पाण्याने कळेल.

या वर्षावासात प्रत्येक कुटुंबाने एक संकल्प करावा: आमच्या घरात विटाळ मानला जाणार नाही आणि मळ राहू दिला जाणार नाही. येत्या आश्विन पौर्णिमेला आपण पुन्हा विहारात जमू, तेव्हा पाण्याच्या वह्या बरोबर आणा. त्या एकत्र करून पुढच्या ग्रामसभेला नेऊ.

सर्वांचे मंगल होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!